विस्तृत क्षेत्राचा उपमिलिमीटर कॅमेरा: स्कूबा-२ च्या वैज्ञानिक उद्दिष्टांचा इतिहास

कोणतेही मोठे वैज्ञानिक उपकरण उभारावयाचे झाल्यास त्याच्या पुरस्कर्त्यांना आपली उद्दिष्टे आधी लिहून द्यावी लागतात. पैसा देणाऱ्या मंडळांच्या दृष्टीने ती एक मागणीपत्रिका असते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तीत दुसरेच काही सापडते. त्या क्षणी शास्त्रज्ञांना काय ठाऊक नव्हते, आणि आपल्या अज्ञानापैकी कोणता भाग दूर होण्याजोगा आहे असे त्यांना वाटत होते, याची ती नोंद असते. उपकरण प्रत्यक्ष हाती येईपर्यंत दहा-बारा वर्षे लोटतात. मधल्या काळात काही प्रश्न इतरांकडून सुटतात, काही निरर्थक ठरतात आणि काही मूळ यादीत नसलेले प्रश्न पुढे येतात. हवाई बेटावरील मौना केया पर्वतावर जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीस बसविलेला स्कूबा-२ हा कॅमेरा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्याची उद्दिष्टे कोठून आली, विस्तृत क्षेत्राचा आग्रह का धरावा लागला आणि त्यांतून काय हाती लागले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उपमिलिमीटर तरंग म्हणजे अवरक्त आणि रेडिओ या दोन प्रदेशांच्या सीमेवरील प्रारण; तरंगलांबी स्थूलमानाने मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शापासून एक मिलिमीटरपर्यंत. खगोलशास्त्रातील हा मुलूख दीर्घकाळ ओसाड राहिला, त्यास दोन कारणे होती. पहिले म्हणजे हवेतील बाष्प. हे बाष्प या तरंगांचे शोषण इतक्या जोमाने करते की समुद्रसपाटीवरून आकाश जवळजवळ पूर्णपणे बंद असते. पर्वतशिखरावर काही अरुंद खिडक्या उघडतात. त्यांपैकी ४५० आणि ८५० मायक्रोमीटरांच्या आसपासच्या दोन खिडक्या आपल्या विषयाशी निगडित आहेत. मौना केयावरील उत्तम रात्री डोक्यावरच्या हवेतील सर्व बाष्प द्रवरूप केले तर त्याचा थर एक मिलिमीटरही भरत नाही. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात किनाऱ्यावरील हवेचा असाच हिशेब केला तर तो थर पाच सेंटिमीटरांच्या वर जातो. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे ४,०९२ मीटर उंचीवर दुर्बीण नेण्याचा खटाटोप का केला, हे निराळे सांगावयास नको.

दुसरे कारण शोधकाचे. या तरंगांच्या फोटॉनांची ऊर्जा इतकी अल्प असते की छायाचित्रण-पट्टी किंवा प्रकाशविद्युत् घट यांचा येथे उपयोग होत नाही. आणि रेडिओ अभियंत्यांची तंत्रे इतक्या उच्च वारंवारतेपर्यंत पोहोचण्यास अवकाश होता. उरला तो बोलोमीटर, म्हणजे प्रारणाने तापणारा आणि तापल्यामुळे विद्युत्-रोध बदलणारा पदार्थाचा सूक्ष्म तुकडा. सॅम्युएल लँग्ली याने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस त्याची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. परंतु खगोलशास्त्रास उपयोगी पडेल असा बोलोमीटर १९६१ साली फ्रँक लो याने द्रव हीलियमने थंड केलेल्या जर्मेनियमपासून तयार केला. त्यानंतरचा सारा इतिहास एका अर्थी थंडाव्याचा इतिहास आहे. शोधक जितका थंड, तितका त्याचा स्वतःचा उष्णताजन्य गोंधळ कमी.

मॅक्सवेल दुर्बीण १९८७ साली कार्यान्वित झाली. ब्रिटन, नेदरलँड्स आणि कॅनडा हे तिचे भागीदार होते. २७६ धातूच्या पट्टिकांपासून जुळविलेली तिची तबकडी १५ मीटर व्यासाची आहे. या तबकडीच्या केंद्रस्थानी आरंभी जे उपकरण होते त्यात बोलोमीटर एकच होता. आकाशातील एका बिंदूकडे पाहावे, मग दुर्बीण किंचित सरकवून शेजारच्या बिंदूकडे पाहावे, असा तो क्रम. या पद्धतीने लहानसा नकाशा तयार करण्यासही रात्रीमागून रात्री खर्ची पडत. तरीही १९९३ साली फिलिप आंद्रे, डेरेक वॉर्ड-थॉम्प्सन आणि मेरी बार्सोनी यांनी याच दुर्बिणीने ज्येष्ठा तारकेजवळच्या भुजंगधारी मेघातील एका वस्तूचे मापन करून असे दाखविले की, तिच्या भोवतालच्या आवरणाचे द्रव्य अजून मध्यवर्ती आदिताऱ्यापेक्षा अधिक आहे; म्हणजेच तारा जन्मास येण्याच्या अगदी आरंभीची अवस्था आपण पाहत आहोत. या अवस्थेस त्यांनी ‘शून्य वर्ग’ असे नाव दिले. एका बोलोमीटरने जर एवढे साधत असेल तर अनेकांनी काय साधेल, हा प्रश्न स्वाभाविक होता.

त्याचे उत्तर म्हणजे स्कूबा. एडिंबरोच्या राजकीय वेधशाळेत बांधलेला हा कॅमेरा १९९६ साली हवाईला पोहोचला आणि पुढील वर्षापासून सर्वांस वापरण्यास खुला झाला. त्यात ८५० मायक्रोमीटरांसाठी ३७ आणि ४५० मायक्रोमीटरांसाठी ९१ बोलोमीटर होते आणि ते सर्व केवल शून्याच्या वर जेमतेम एक दशांश अंशापर्यंत थंड केलेले होते. आज हे आकडे क्षुल्लक वाटतात. परंतु आठ वर्षांच्या आयुष्यात या लहानशा कॅमेऱ्याने जे केले त्यावरच त्याच्या उत्तराधिकाऱ्याची सर्व उद्दिष्टे आधारलेली असल्यामुळे येथे थोडे थांबणे अवश्य आहे.

प्रथम दूरच्या विश्वाविषयी. १९९६ साली झां-लू प्युजे आणि त्यांचे सहकारी यांनी कोबे उपग्रहाच्या मापनांत एक मंद, सर्वत्र पसरलेले दूर-अवरक्त प्रारण ओळखले. दोन वर्षांत इतर गटांनी त्यास दुजोरा दिला. त्याचा अर्थ फार गंभीर होता. विश्वाच्या आरंभापासून ताऱ्यांनी जेवढा प्रकाश निर्माण केला त्याचा जवळजवळ अर्धा भाग धुळीने गिळला असून तो उष्णतेच्या रूपाने पुन्हा बाहेर पडला आहे. दृश्य प्रकाशातील दुर्बिणींवर विसंबून ताऱ्यांच्या जन्माचा जो इतिहास लिहिला जात होता, त्याच्या वहीतील निम्मी पाने गहाळ होती! ती पाने कोणत्या दीर्घिकांत दडली आहेत हे मात्र कोबेच्या अंधूक दृष्टीस दिसणे शक्य नव्हते.

येथे निसर्गाने एक विलक्षण सवलत देऊ केलेली आहे. धुळीने भरलेल्या दीर्घिकेचे प्रारण सुमारे १०० मायक्रोमीटरांच्या आसपास सर्वाधिक असते आणि त्याहून लांब तरंगांकडे ते वेगाने घटते. दीर्घिका जसजशी दूर, तसतशी विश्वाच्या प्रसरणामुळे तिच्या तरंगांची लांबी अधिक वाढलेली. म्हणून ८५० मायक्रोमीटरांवर आपण प्रत्यक्षात तिच्या वर्णपटाच्या शिखराच्या अधिकाधिक जवळचा भाग पाहू लागतो. अंतरामुळे होणारी घट आणि शिखराकडे सरकल्यामुळे होणारी वाढ परस्परांस जवळजवळ छेदतात. परिणामी ताम्रच्युती एकापासून पाच-सहापर्यंत वाढली तरी दीर्घिकेची दिसणारी तेजस्विता फारशी कमी होत नाही. दृश्य प्रकाशाच्या ज्योतिषास असे भाग्य कधीच लाभत नाही. ॲन्ड्र्यू ब्लेन आणि माल्कम लाँगेअर यांनी १९९३ सालीच, म्हणजे स्कूबा दुर्बिणीवर चढण्यापूर्वी, या परिणामाचे महत्त्व विशद केले होते.

१९९७ साली इयन स्मेल, रॉब आयव्हिसन आणि ब्लेन यांनी दीर्घिकासमूहांच्या गुरुत्वीय भिंगाचा आधार घेऊन अशा दूरच्या दीर्घिका प्रथम टिपल्या. १९९८ साली डेव्हिड ह्यूज आणि सहकारी यांनी हबल दुर्बिणीने सप्तर्षींमधील ज्या इवल्याशा तुकड्याचे अतिखोल चित्र घेतले होते त्याच तुकड्यावर स्कूबा सुमारे ५० तास रोखून धरला. त्यांस पाच स्रोत मिळाले. पाच! त्यांतील सर्वांत तेजस्वी स्रोत हबलच्या चित्रातील कोणत्या दीर्घिकेशी जुळतो हेही निश्चित होईना. त्याची ताम्रच्युती ५.१८ असल्याचे सिद्ध होण्यास २०१२ साल उजाडावे लागले; म्हणजे त्याचा प्रकाश सुमारे १,२५० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता आणि हबलला ती दीर्घिका मुळी दिसलीच नव्हती.

दुसरा मोठा शोध अगदी घराजवळचा होता. अभिजित ताऱ्याभोवती धूळ असल्याचे आयरस उपग्रहाने १९८३ साली अनपेक्षितपणे दाखविले होते. परंतु त्या धुळीचा आकार त्यास दिसला नव्हता. १९९८ साली स्कूबाने अभिजित, फोमलहॉट आणि बीटा पिक्टोरिस यांच्या भोवतालच्या धूळचकत्यांची चित्रे घेतली. त्याच वर्षी जेन ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी अवघ्या साडेदहा प्रकाशवर्षांवरील एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्याभोवती कड्यासारखा धूळपट्टा दाखविला. त्याची त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ६० पट आहे. आपल्या सूर्यमालेच्या बाहेरील कायपर पट्ट्यातील पहिली वस्तू १९९२ साली याच मौना केयावरून डेव्हिड जुइट आणि जेन लू यांनी शोधली होती, हे येथे आठवते. तेव्हा, सूर्यमालेची ही ठेवण विश्वात सामान्य की अपवादात्मक, असा प्रश्न आपोआपच पुढे आला.

स्कूबा-२ ची उद्दिष्टे या भूमीतून उगवली. ती वरवर पाहता तीन निरनिराळ्या विषयांची आहेत: दूरच्या दीर्घिका, ताऱ्यांचा जन्म आणि ताऱ्यांभोवतालचे धूळपट्टे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्या तिन्हींचे स्वरूप एकच आहे. तिन्ही प्रश्न गणनेचे आहेत. पाच दीर्घिका सापडल्या तर त्यांच्या संख्येतील केवळ यादृच्छिक अनिश्चितता शेकडा ४५ इतकी असते. तीन हजार सापडल्या तर ती शेकडा दोनच्याही खाली येते. शिवाय दीर्घिका आकाशात समान पसरलेल्या नसतात, त्या गोतावळ्याने राहतात. एका लहान तुकड्यात त्यांची गर्दी आढळली किंवा उजाड रान आढळले, तर त्यावरून विश्वाविषयी विधान करणे म्हणजे एका वाडीवरून तालुक्याची लोकसंख्या सांगणे होय. ताऱ्यांच्या जन्माविषयीही तेच. तारा होण्यास लक्षावधी वर्षे लागतात. एका मेघगर्भाकडे पाहत बसून त्याची वाढ कळणार नाही. परंतु शेकडो गर्भ मोजून त्यांतील किती जण कोणत्या अवस्थेत आहेत याची जनगणना केली, तर प्रत्येक अवस्था किती काळ टिकते हे काढता येते; कारण जी अवस्था अधिक काळ टिकते तिच्यात अधिक जण सापडणार. या कामी उपमिलिमीटर तरंगांचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. त्यांस धूळ जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे, तापमान माहीत असेल तर तेजस्वितेवरून द्रव्यमान सरळ काढता येते. मग गर्भांच्या द्रव्यमानांचे वाटप आणि ताऱ्यांच्या द्रव्यमानांचे वाटप यांची तुलना करून, ताऱ्याचे वजन जन्मापूर्वीच ठरते काय, हा जुना वाद निकालात काढण्याची आशा बाळगता येते.

विस्तृत क्षेत्राच्या आग्रहामागे आणखी एक कारण होते आणि ते पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. १५ मीटरच्या तबकडीची ८५० मायक्रोमीटरांवरील विभेदनक्षमता सुमारे १४ विकला आहे. एकाच ठिकाणी अधिकाधिक काळ पाहत राहिले तर मंद स्रोत दिसू लागतात हे खरे. परंतु ते इतके दाट असतात की १४ विकलांच्या ठिपक्यांत ते परस्परांत मिसळून जातात. या मर्यादेपुढे कॅमेरा कितीही संवेदनक्षम केला तरी खोली वाढत नाही. खोल जाण्याचा मार्ग तबकडीनेच अडविलेला असल्यावर रुंद जाणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून माझ्या मते विस्तृत क्षेत्र ही स्कूबा-२ च्या बाबतीत सोय नव्हती. तो त्या दुर्बिणीच्या भौतिकीतून निघालेला निष्कर्ष होता.

स्कूबाचे दृष्टिक्षेत्र २.३ कला व्यासाचे होते. चंद्रबिंब सुमारे ३० कलांचे असते. शिवाय त्याचे बोलोमीटर एकमेकांस भिडलेले नसल्यामुळे मधल्या फटी भरून काढण्यासाठी दुय्यम आरसा ६४ वेगवेगळ्या स्थितींत हलवावा लागे, आणि आकाशाची चमक वजा करण्यासाठी तो सतत इकडून तिकडे डोलवावा लागे तो निराळाच. स्कूबा-२ मध्ये दोन्ही तरंगलांब्यांस मिळून १०,२४० शोधक आहेत. १,२८० शोधकांचा एक, असे आठ पट्ट त्यात बसविले आहेत. दृष्टिक्षेत्र सुमारे ४५ चौरस कलांचे. दुर्बीण आता डोलत नाही. ती आकाशावरून ठराविक नक्षीत वेगाने फिरते आणि हवेची मंद बदलणारी चमक नंतर गणिताने काढून टाकली जाते. तत्त्वतः शोधकही निराळे आहेत. येथे मॉलिब्डेनम आणि तांबे यांचा पातळ दुहेरी थर अतिसंवाहक होण्याच्या अगदी उंबरठ्यावर रोखून धरलेला असतो. त्या उंबरठ्यावर तापमानात लेशमात्र वाढ झाली तरी विद्युत्-रोध एकदम बदलतो. दहा हजार शोधकांस प्रत्येकी स्वतंत्र तारा जोडल्या असत्या तर त्या तारांतूनच एवढी उष्णता आत शिरली असती की थंडावा टिकलाच नसता. अमेरिकेतील बोल्डर येथील प्रयोगशाळेने तयार केलेल्या अतिसंवाहक विद्युत्-मंडलांनी एकाच वाटेने अनेक शोधकांचे संकेत पाळीपाळीने बाहेर आणण्याची युक्ती साधली आणि तेव्हाच हा कॅमेरा संभवनीय झाला. नकाशा काढण्याचा त्याचा वेग आधीच्या कॅमेऱ्याच्या शंभर ते दीडशेपट भरला.

परंतु ही युक्ती साधण्यास वेळ लागला. स्कूबा २००५ साली निवृत्त झाला. त्याच वर्षी नव्या कॅमेऱ्याच्या भरवशावर मोठ्या सर्वेक्षणांचा कार्यक्रम मंजूर झाला: दूरच्या दीर्घिका, सूर्याच्या आसमंतातील तारकाजनक मेघ, आकाशगंगेचे प्रतल, जवळच्या दीर्घिका, जवळच्या ताऱ्यांचे धूळपट्टे. स्कूबा-२ हवाईस पोहोचला २००८ साली, आरंभीची निरीक्षणे अपुऱ्या शोधकांनिशी २०१० साली झाली आणि पूर्ण शोधकसंचासह काम २०११ साली सुरू झाले. तोवर, १४ मे २००९ रोजी, युरोपची हर्शेल वेधशाळा अंतराळात गेली होती. तिचा आरसा ३.५ मीटरचा, तीस वातावरणाचा अडसर नव्हता आणि तिने शेकडो चौरस अंशांचे आकाश पाहून टाकले. चिलीतील चाह्नांतोर पठारावरील बारा मीटरच्या दुर्बिणीवर २९५ शोधकांचा लाबोका कॅमेरा २००७ सालापासून काम करीत होता. ‘या प्रदेशात प्रथम जाणे’ हे जे न लिहिलेले उद्दिष्ट प्रत्येक मागणीपत्रात असते, ते स्कूबा-२ च्या बाबतीत विलंबामुळे निसटले, असे म्हणणे कठोर वाटले तरी अन्यायाचे नाही.

विलंबाची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. धूळपट्ट्यांच्या सर्वेक्षणाची मूळ योजना ५०० ताऱ्यांची आणि निःपक्षपाती होती. म्हणजे धूळ असो वा नसो, ठराविक अंतरापर्यंतचे सर्व निवडक तारे पाहावयाचे होते. प्रत्यक्षात १०० ताऱ्यांवर समाधान मानावे लागले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार त्यांपैकी ४९ ताऱ्यांभोवती धूळ आढळली. संख्या आकर्षक आहे. परंतु हे तारे धुळीचा आधी सुगावा लागलेल्यांतून निवडलेले असल्यामुळे ‘निम्म्या ताऱ्यांभोवती असे पट्टे असतात’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही. सूर्यमालेची ठेवण सामान्य की अपवादात्मक, या मूळ प्रश्नास लागणारी गणना ही नव्हे. आणखी एक विनोदी म्हणावी अशी गोष्ट घडली. एप्सिलॉन एरिडानीच्या कड्यात स्कूबाने दाखविलेल्या काही गाठी अदृश्य ग्रहाच्या ओढीने बनल्या असाव्यात असा तर्क होता. पुढे तारा आकाशात सरकला तरी त्यांतील काही गाठी जागच्या जागीच राहिल्या. त्या पार्श्वभूमीवरील दीर्घिका होत्या. एका उद्दिष्टाची धूळ ती दुसऱ्या उद्दिष्टाचे धान्य!

दूरच्या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाचे फळ मात्र अपेक्षेस बरेच उतरले. मूळ आराखड्याहून क्षेत्रफळ पुष्कळ कमी झाले, तरी २०१७ सालापर्यंत सुमारे पाच चौरस अंशांत, म्हणजे साधारणतः पंचवीस चंद्रबिंबांएवढ्या आकाशात, जवळजवळ ३,००० स्रोत नोंदले गेले. हर्शेलपुढे या आकड्याचे महत्त्व काय, अशी शंका येईल. ५०० मायक्रोमीटरांवर हर्शेलचा ठिपका ३६ विकलांचा होता, मॅक्सवेल दुर्बिणीचा ८५० वर १४ विकलांचा. आणि अधिक लांब तरंगांमुळे अतिदूरच्या दीर्घिकांकडे दुसऱ्याचा कल अधिक. पण या यादीचा खरा उपयोग चिलीतील आल्मा या प्रचंड दुर्बीण-समूहाने केला. आल्माची दृष्टी अत्यंत तीक्ष्ण, परंतु तिचे क्षेत्र अगदी अरुंद. कोठे पाहावे हे तिला कोणी तरी सांगावे लागते. लाबोकाच्या स्रोतांवर आल्मा रोखली तेव्हा २०१३ साली असे दिसले की तेजस्वी मानलेले कित्येक स्रोत एक नसून दोन-तीन दीर्घिका आहेत. अतितेजस्वी दीर्घिकांची आधीची गणना त्यामुळे फुगलेली ठरली. पुढे स्कूबा-२ ने एका चौरस अंशात दाखविलेल्या स्रोतांचा याच रीतीने पाठपुरावा होऊन सुमारे ७०० दीर्घिकांची स्थाने पक्की झाली; त्यांची मध्यक ताम्रच्युती २.६ च्या आसपास निघाली. स्कूबाच्या काळात, २००५ साली, स्कॉट चॅपमन आणि सहकाऱ्यांनी केक दुर्बिणीने ७३ दीर्घिकांवरून हाच आकडा २.२ काढला होता. त्यांची निवड रेडिओ तरंगांत दिसणाऱ्या दीर्घिकांपुरती असल्यामुळे अधिक दूरच्या दीर्घिका तीतून गळणे अपरिहार्य होते.

रेडिओ निरीक्षणांचा उल्लेख आलाच आहे तर येथे एक गोष्ट नोंदवितो. अशा दीर्घिकांचे नेमके स्थान आणि त्यांतील तारकाजननाचे प्रमाण ठरविण्यासाठी वापरलेल्या खोल रेडिओ चित्रांपैकी, सप्तर्षींमधील लॉकमन होल या क्षेत्राचे ६१० मेगाहर्ट्झवरील चित्र पुणे जिल्ह्यात नारायणगावनजीकच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्यांच्या दुर्बिणीने घेतलेले आहे. ते २००९ साली प्रसिद्ध झाले. उपमिलिमीटर तरंगांस आपल्या सखल प्रदेशातील हवा प्रतिकूल असली तरी मीटर तरंगांस ती आडवी येत नाही.

दुर्बिणीचे स्वामित्व मध्यंतरी बदलले. नेदरलँड्स २०१३ साली बाहेर पडले, ब्रिटन आणि कॅनडा यांनीही हात आखडता घेतला आणि मार्च २०१५ पासून पूर्व आशियाई वेधशाळेने कारभार हाती घेतला. ज्या संस्थांनी उद्दिष्टे लिहिली त्यांच्याकडे उपकरण राहिले नाही; ज्यांच्याकडे ते आले त्यांनी नवी उद्दिष्टे जोडली. त्यांतील एक मूळ यादीत शोधूनही सापडत नाही. तारकाजनक मेघांची गणना एकदाच करून न थांबता त्याच आठ प्रदेशांचे चित्र दरमहा पुन्हा पुन्हा घ्यावे, असा कार्यक्रम डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाला. लक्षावधी वर्षांत घडणाऱ्या गोष्टीत महिन्यामहिन्याने काय बदलणार, असे कोणासही वाटले असते. २०१७ साली सर्प तारकासमूहाच्या दिशेच्या मेघातील ईसी ५३ हा आदितारा ८५० मायक्रोमीटरांवर सुमारे दीडपट उजळून पुन्हा मंदावत असल्याचे जाहीर झाले. त्याचा आवर्तनकाल सुमारे ५४३ दिवस आहे. भोवतालच्या चकतीतील द्रव्य ताऱ्यावर अखंड धारेने न पडता नियमित लोटांनी पडत असावे, आणि हा लोट नियंत्रित करणारा एखादा सोबती आतील भागात फिरत असावा, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले आहे.